सासूबाईंचा खांदा आणि जावईबापूंचे दिवे

शहाण्या माणसांच्या घरात सून म्हणून जायची पाळी वैरिणीवरही येऊ नये. वेड्याला निदान दटावता येतं. आमच्याकडे तीन शहाणे होते: माझे सासरे, माझा नवरा आणि नणंदेचा नवरा, म्हणजे आमचे जावईबापू. पहिले दोघे अंधेरी पूर्वेला हॉल, एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्या आमच्या जागेत राहत. जावईबापू मुलुंडला राहत, पण शहाणपण शिळं होऊ नये म्हणून दर रविवारी आमच्याकडे जेवायला येत. आणि या तिघांच्या कचाट्यात माझ्या सासूबाई, ज्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

ऐंशी सालानंतरची, त्या दशकाच्या मधली वर्षं. सासूबाईंचा खांदा आधी नुसता दुखायचा, मग आखडत गेला. एक दिवस त्यांना फडताळातला पोह्यांचा डबा काढता येईना, नंतर अंबाडा घालता येईना आणि शेवटी पोलक्याची बाहीसुद्धा मला चढवावी लागायला लागली. सासूबाई मालवणकडच्या, नऊवारी नेसणाऱ्या, कुणाचा हात अंगाला लावून न घेणाऱ्या. मी पोलक्याचे हुक लावत असले की त्या भिंतीकडे नजर लावून बाजारात आज बांगडा कसा होता ते सांगत सुटायच्या. बांगड्याचं त्यांना काही पडलेलं नसायचं. सुनेसमोर उघडं उभं राहायची लाज कशात तरी गुंडाळायची, म्हणून ते बोलणं. मला ते कळायचं आणि मीही बांगड्याबद्दल चार प्रश्न विचारायचे.

स्टेशनजवळच्या हाडांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. पाठीला आणि खांद्याला रोज चांगला शेक द्यायचा आणि खांदा गरम आहे तोवरच व्यायाम करायचा, भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा. हे नेमाने केलं तर हात सुटेल. नाही केलं तर आहे तिथेच राहील, मग माझ्याकडे येऊन रडू नका.

त्यासाठी सासूबाई एकदा इस्पितळात गेल्याही. तिथे पडद्याआड एक शेकाचा लाल दिवा होता आणि दिव्यापाशी एक पुरुष. त्याने बिचाऱ्याने सरळपणे सांगितलं, "आजी, पोलकं काढा, खांदा मोकळा करा." सासूबाई उठल्या आणि मी कागद गोळा करेपर्यंत खाली रिक्षात जाऊन बसल्या. घरी आल्यावर त्या सासऱ्यांना एवढंच म्हणाल्या, "थंय माका जमाचां नाय. काय तां घराकडे करा."

इस्पितळात नको आणि घरी चालेल, हे कशामुळे, ते समजायला पदवी लागत नाही. आमच्या घरात मात्र ते कुणाला समजलं नाही. घरात रबरी पिशवी होती, ती मी रोज गरम पाण्याने भरून द्यायचे. पण ती खांद्यावर धरायला दुसरं माणूस लागायचं, आणि धरली तरी एका वेळी तळहाताएवढी जागा शेकायची. मोठं काहीतरी हवं होतं, हे खरंच होतं. तेवढ्यात जावईबापूंचं विमान उतरलं.

जावईबापू पंप बनवणाऱ्या कंपनीत होते आणि कंपनीने त्यांना प्रशिक्षणासाठी पश्चिम जर्मनीला पाठवलं होतं. गेले होते शिकायला, आले ते शिकवायला. "आमच्या जर्मनीत" हे शब्द त्यांच्या तोंडी इतके बसले होते, की मुलुंड स्टेशनावरही हा माणूस तिकिटाऐवजी पासपोर्ट दाखवत असेल असं मला वाटायचं. तिथे कुणाच्या तरी घरी जेवायला गेले असताना त्यांनी कपाटाएवढी लाकडी खोली पाहिली होती. तिला सॉना म्हणतात आणि आत बसून घाम काढतात.

"आणि दगड तापवून वाफ काढायची ती जुनी पद्धत, वहिनी," ते मला म्हणाले. "यांच्याकडे इन्फ्रारेड. किरण डायरेक्ट अंगावर. हवा तापवायची भानगडच नाही."

आईंसाठी असाच सॉना घरी करायचा, मग बघा हात कसा वर जातो ते, असं त्यांनी जाहीर केलं. पंख्याखाली बसूनही जिथे माणसाच्या पाठीवरून धारा लागतात, त्या अंधेरीत, ऐन मे महिन्यात, घाम काढायला कपाट बांधायचं ठरलं आणि हॉलमध्ये कुणाला हसू आलं नाही. मला आलं, पण मी स्वयंपाकघरात होते.

मग प्रश्न आला की आत तापवायला लावायचं काय. इथून पुढे जे झालं त्याला चर्चा म्हणत असत.

सासरे अंधेरीच्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. तिथे पंख्यांच्या पात्यांवरचा रंग भट्टीत वाळवत. भट्टीत चिनीमातीच्या पट्ट्या असत, आत तार पुरलेल्या. त्या तापायला वेळ घेतात, पण पेटत नाहीत. पांढऱ्याच्या पांढऱ्या राहतात आणि जवळ गेलं की उन्हात तापलेल्या भिंतीपाशी उभं राहिल्यासारखं वाटतं. पट्ट्याच लावायच्या, हा सासऱ्यांचा हट्ट. पंख्याचं पातं आणि बायकोचा खांदा यांत काही फरक असावा, अशी शंका त्यांना कधी आली नाही.

माझ्या नवऱ्याला कॉइलचा हीटर हवा होता. मागे चकचकीत पत्रा, पुढे लालभडक तार, कुठल्याही दुकानात मिळतो तसा. का, तर पावसाळ्यात तोच बाहेर काढून कपडे वाळवता येतील. आईच्या खांद्यासाठी आणायच्या वस्तूवर आपले बनियन वाळतील का, हे आधी बघणारा माणूस तो. त्याच्या मताकडे कुणी लक्ष दिलं नाही, हे त्या चर्चेतलं एकमेव शहाणपण.

जावईबापूंना लाल काचेचे मोठे बल्ब हवे होते. त्या जर्मन घरात तेच होते.

"बटण दाबलं की तापतात. आणि डोळ्यांना दिसतं ना, किरण येतायत ते. तुमच्या पट्ट्यांचं काय खरं, बाबा? चालू आहेत की बंद, कळणार कसं?"

"हात जवळ नेऊन," सासरे म्हणाले.

"भाजेल ना हात."

"मग कळलंच की."

रविवारमागून रविवार हे असं चालायचं. विमानतळाच्या शेजारी राहत असल्यामुळे वरून विमान गेलं की आमच्याकडे सगळे तोंड उघडं ठेवून गप्प व्हायचे आणि आवाज ओसरला की सोडलेल्या शब्दापासून पुन्हा सुरू करायचे. कुठले किरण किती आत जातात, हाडापर्यंत पोचतात की कातडीवरच थांबतात, यावर तिघेही अशा थाटात बोलत जणू रोज हाडांतच राहायला आहेत. बसायचं होतं सासूबाईंना. त्यांना मात्र कुणी विचारलं नाही की बाई गं, तुला काय हवंय?

एकदा त्यांनीच आपण होऊन मला विचारलं. ताटात डाव्या हाताने तांदूळ निवडत होत्या. हॉलमधलं सगळं त्यांच्या कानावर पडत होतं. मान वर न करता म्हणाल्या, "गो, त्या तिनांतल्या खयच्यात उजेड पडणा नाय?"

"बाबांच्या पट्ट्यांत," मी म्हटलं.

"मग त्योच बऱ्यो."

मी तशीच हात पुसत हॉलमध्ये गेले आणि सांगितलं की आईंना उजेड नको आहे.

"उजेडाचा इथे काय संबंध?" नवरा म्हणाला.

"वहिनी, उजेड हाच तर पुरावा आहे," जावईबापू हसून म्हणाले.

सासऱ्यांना आपल्या बाजूने एक मत पडल्याचा आनंद झाला, पण बायको असं का म्हणते, हे विचारायला त्यांनाही सुचलं नाही. ते लगेच भट्टीच्या तापमानाकडे वळले.

निवाडा शेवटी किरणांनी केलाच नाही. तो सोलकढीने केला. त्या रविवारी सासरे जरा चढ्या आवाजात म्हणाले की तीस वर्षं हीटर हाताळलेत मी, तुम्ही एका जेवणात पाहिलेत. खरं तेच बोलले. मी सोलकढीचं भांडं घेऊन गेले तेव्हा जावईबापूंनी वाटीवर हात आडवा धरला आणि म्हणाले, "नको, बास." सुरमईची तुकडीही तशीच ठेवली. दर रविवारी सोलकढीच्या तीन वाट्या पिणारा माणूस पहिल्याच वाटीला नको म्हणाला, तसं घरात सुतक पडल्यासारखं झालं. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी जमिनीकडे पाहिलं. आमच्या माणसांत गिरणीचा मालक नाराज झाला तर चालतं, देव नाराज झाला तर त्याला नारळ देता येतो, पण जावई उपाशी उठता कामा नये.

"बरं, बल्ब तर बल्ब," सासरे म्हणाले. "शेवटी तुम्ही बघून आलायत."

जावईबापूंनी वाटी पुढे केली.

पेटी सुताराने हॉलमध्येच उभी केली, कारण जास्त विजेचा जाड प्लग तिथेच होता. प्लायवूडची, माणूस बसेल एवढी, आत फळी, समोर दार. दाराला वरपासून गुडघ्यापर्यंत काच. काच कशासाठी? तर जर्मनीत होती. आणि पेटीचं तोंड कुठे? तर बरोबर आमच्या बाहेरच्या दारासमोर, म्हणजे बेल वाजवून कुणी आत आलं की पहिली दिसणार ती पेटी. ज्या बाई पडद्यामागे एका परक्या माणसासमोर खांदा उघडा करू शकल्या नाहीत, त्यांच्यासाठी आम्ही घरात दुकानाची काचेची शोकेस बांधली आणि आत लाल दिवे लावले.

उद्घाटन झालं. पेटीवर कुंकवाचं स्वस्तिक, हार, नारळ. पहिला मान जावयाचा, तेव्हा जावईबापू अर्ध्या चड्डीवर आत जाऊन बसले. दिवे लागले. भट्टीवर टांगलेल्या कोंबडीला जसा रंग चढतो तसा त्यांना चढला. ते काचेतून आमच्याकडे बघून अंगठा दाखवत होते आणि सासरे शेजाऱ्यांना समजावून सांगत होते की आपल्या सोसायटीत काय, अख्ख्या अंधेरीत असं पहिलंच. जेमतेम महिन्यापूर्वी ज्या दिव्यांच्या नावाने बोटं मोडत होते, तेच दिवे आता त्यांच्याच डोक्यातून निघाल्यासारखे सांगत होते. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. जावयाच्या पाठीवरचा एकेक केस लाल उजेडात दिसत होता. त्यांनी ते पाहिलं आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांची पाळी आली. त्या बसल्या, नाही म्हणाल्या नाहीत. पण कशा बसल्या? नऊवारी लुगडं, पोलकं, वर दोन्ही खांद्यांवरून पदर, आणि काचेकडे पाठ करून फळीवर मांडी घालून. बाहेर आल्या तेव्हा लुगडं पिळून काढावं इतकं भिजलेलं, चेहरा उतरलेला आणि खांदा जसाच्या तसा. असं रोज चाललं. नवीन दिव्यांपुढे रबरी पिशवी दिसली तर जावयाचा अपमान, म्हणून तीही फडताळात गेली. भिंतीवर बोटं चढवायला मी त्यांना उभं करायचे, पण थंड खांद्याने ती छातीच्या वर जात नसत.

मग तिन्ही शहाण्यांनी पुन्हा डोकी लावली. दिवे कमी पडतायत का? लांब आहेत का? मागे पत्रा लावला तर? पत्रा लावला, दिवे वाढवले, फ्यूज उडाला, मजल्यावरची वीज गेली, शेजारी भांडून गेले. मला राहवेना.

"अहो, लुगड्यावरून कधी शेक बसतो का?" मी नवऱ्याला म्हटलं. "तापतंय ते लुगडं. खांदा आत गारच राहतोय."

"किरण आहेत ते," नवरा म्हणाला. "आरपार जातात."

"आरपार जातात तर भावोजी चड्डीवर का बसले होते? कोट घालून बसायचं."

यावर तो म्हणाला की तुझ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मी काचेवर पडदा लावला. जाड चादरच शिवून टाकली. मला वाटलं, सुटला प्रश्न. त्या रविवारी जावईबापू आत बसले, दिवे लागले आणि चादरीवर त्यांची सावली उठली. पोट, छाती, मान, हात खाजवला तर खाजवणारा हात, सगळं काळंकुट्ट, लाल चादरीवर, आहे त्यापेक्षा मोठं. नुसतं माणूस दिसलं असतं तर परवडलं असतं. सासूबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी पदर आणखी घट्ट ओढून घेतला. तेव्हा मला त्यांनी तांदूळ निवडताना विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ कळला. आमच्या घरात पेटीचा विचार त्या एका बाईने केला होता, आणि तोही सगळ्यांच्या आधी.

मी शिकवायचे ती शाळा सकाळची असायची. दुपारी मी घरी असे, नवरा बँकेत, सासरे जेवून वाचनालयात वर्तमानपत्रं पालथी घालायला जात. अशाच एका दुपारी मी बाहेरच्या दाराला कडी घातली, खिडक्या लावल्या आणि सासूबाईंना म्हटलं, "आई, आता कुणी नाही. मीसुद्धा स्वयंपाकघरात जाते. पोलकं काढून बसा. आज खरा शेक घ्या."

त्यांनी दाराची कडी एकदा स्वतः ओढून पाहिली. मग मला पोलक्याची बाही तेवढी उतरवून द्यायला सांगितली आणि पदर लपेटून आत गेल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. बटण वाजलं. मला इतका आनंद झाला होता की मी व्यायामासाठी भिंतीजवळची मोलकरणीची बादलीसुद्धा सरकवून ठेवली.

क्षणभरात पेटीचं दार उघडल्याचा आवाज आला. त्या बाहेर आल्या होत्या, पदर गळ्यापर्यंत, डोळे खाली.

"काय झालं? भाजलं का?"

"नाय. थंय माका माझांच आंग दिसता गो."

गावी त्यांच्या न्हाणीत दिवसाही अंधार असायचा. इथेही मोरीतला दिवा न लावता त्या आंघोळ करत, ते मी रोज बघत होते आणि वीज वाचवतात असं समजत होते. लग्न झालं, मुलं झाली, म्हातारपण आलं, पण स्वतःचं अंग त्यांनी असं लख्ख उजेडात कधी पाहिलेलं नव्हतं आणि आता या वयात पाहायची त्यांची इच्छा नव्हती. कुणी याला वेडेपणा म्हणेल. म्हणू दे. पेटीत बसणाऱ्या माणसाला काय सोसतं हे विचारल्याशिवाय पेटी बांधणं, त्याला काय म्हणायचं?

सासरे आले तसं मी त्यांना सगळं सांगितलं. सासऱ्यांशी असलं बोलायची तेव्हा रीत नव्हती. माझे कान गरम झाले होते, पण मी थांबले नाही. म्हटलं, "बाबा, ते बल्ब काढा आणि तुमच्या पट्ट्या लावा. आई अंधारातच बसतील. उजेडात नाही बसणार."

ते ऐकत राहिले. मधे एक विमान गेलं. आवाज ओसरल्यावर ते म्हणाले, "माझं म्हणणं पहिल्यापासून तेच होतं."

"मग लावा ना."

"अगं, पण जावयाला काय वाटेल?"

जावईबापू तेव्हा दुसऱ्यांदा जर्मनीला गेले होते. त्यांच्या मागे त्यांचे दिवे काढले तर त्यांचा अपमान होईल, ते आले की रीतसर त्यांच्या कानावर घालू आणि मग पट्ट्या बसवू, असं सासऱ्यांनी ठरवलं. बायकोचा हात दिवसेंदिवस दगड होत चालला होता आणि हा माणूस जावयाच्या परवानगीची वाट बघणार होता. मी तोंडावर म्हटलं, "म्हणजे तोवर हात थांबणार आहे का?" ते म्हणाले, "इतके दिवस गेले, अजून थोडे." दुसऱ्याच्या खांद्याबद्दल माणूस इतका धीराचा असतो.

एक मात्र केलं. जुन्या कारखान्यात जाऊन त्यांनी पट्ट्या आणल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवल्या. सासूबाईंनी एक पट्टी खाली काढायला सांगितली. डाव्या हाताने ती उलटीपालटी करून बघितली.

"ह्यो तापतत आणि काय्येक दिसणा नाय?"

"काहीच नाही. मिट्ट काळोख."

त्या दिवसापासून त्यांच्यात फरक पडला. मी न सांगता भिंतीपाशी जाऊन उभ्या राहायला लागल्या. दुखायचं, ओठ दाबून धरायच्या, पण बोटं चढवायच्या. पट्ट्या लागल्या की दुपारी तू शाळेतून आलीस की बसेन, असंही एकदा म्हणाल्या. रबरी पिशवी मी पुन्हा बाहेर काढली. आमच्या दोघींचे ते दिवस चांगले गेले, हे मी कबूल करते.

जावईबापू परतले ते सकाळच्या वेळी, आणि विमानतळ जवळ म्हणून मुलुंडला न जाता थेट आमच्याकडे. परगावाहून, त्यातून परदेशातून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय सासूबाई त्याला उंबरठा ओलांडू देत नसत. हे काम उजव्या हाताने करायचं आणि माणसाच्या तोंडावरून, डोक्यापर्यंत न्यायचं. जावईबापू दारात ताडासारखे उभे. मी हळूच म्हटलं, "आई, मी ओवाळू का?" त्यांनी मान हलवली. जावयाला ओवाळायचं ते सासूने.

हातात भाकरीचा तुकडा घेऊन त्या उंबरठ्याशी उभ्या राहिल्या. हात छातीपर्यंत आला आणि अडला. कपाळावर घाम आला. तेवढ्यात जावईबापू बुटांची नाडी सोडायला वाकले. सासूबाईंनी ती संधी घेतली. वाकलेल्या डोक्यावरून भराभर तुकडा ओवाळला आणि बाहेर टाकला. नाडी सोडता सोडता डोक्यावरून फिरणारा हात जावईबापूंना जाणवला होता. ते ताठ उभे राहिले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आई, हात वर जायला लागला की," ते म्हणाले. "बाबा, बघितलंत? मी म्हणत होतो ना, दिव्यांनी काम केलं."

सासऱ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. नवऱ्यानेही पाहिलं. मी तोंड उघडलंच होतं, "अहो, तुम्ही वाकला होतात म्हणून..." एवढ्यात सासूबाईंनी माझा दंड धरला, डाव्या हाताने, चांगला घट्ट.

"जाता तर," त्या जावयाला म्हणाल्या. "येवा, आत येवा."

चहा झाला, पोहे झाले. जावईबापूंनी पोहे दोनदा घेतले. मी सासऱ्यांकडे बघत होते, आता बोलतील, मग बोलतील. कपाटावर पट्ट्या तशाच होत्या. शेवटी मीच म्हटलं, "बाबा, तुम्ही त्यांना काही सांगणार होतात." सासऱ्यांनी मिशी पुसली आणि म्हणाले, "आता काय राहिलंय सांगण्यासारखं? गुण आलाच आहे की."

मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई कपबशा विसळत होत्या.

"आई, तुम्ही हो कशा म्हणालात? आज पट्ट्यांचं ठरणार होतं."

"दारातल्या दारात जावयाक खोटो कसो पाडू?" त्या म्हणाल्या. आणि मग, जरा थांबून, "आता माका कोण त्या उजेडात बसवचो नाय, तां तरी सुटलां."

तिघांवर माझा राग होताच, तो जुना होता. त्या क्षणी मला सासूबाईंचाही राग आला. इतका, की मी त्यांच्या हातातली बशी काढून घेतली आणि स्वतः विसळली.

आईंचं काम झालंच आहे तर पेटी मुलुंडला न्यावी, असं जावईबापूंचं मत पडलं, आणि त्यांच्या मताला आमच्याकडे कोण नाही म्हणणार? पुढच्याच रविवारी टेम्पो आला. हमालांनी पेटी जिन्यातून उतरवली, भिंतीचा रंग खरवडला, सासरे आणि नवरा "हळू, काच आहे" म्हणत मागेमागे धावले. पट्ट्या कारखान्यात परत गेल्या. सासूबाईंचा हात पुढे कधीच खांद्याच्या वर गेला नाही.

त्या दिवशी त्या खाली फाटकापर्यंत आल्या होत्या. टेम्पो निघाला. ड्रायव्हरशेजारी बसलेल्या जावईबापूंनी खिडकीतून हात बाहेर काढून जोरजोरात हलवला. सासूबाईंनीही हलवला, चांगला डोक्याच्या वर नेऊन. सासरे कौतुकाने बघत होते, नवरा बघत होता, जावईबापू तर मान वळवून बघत होते. तो डावा हात होता, हे तिघांपैकी एकालाही दिसलं नाही.